वेदनेची कैफियत

(माकणी येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण निष्ठेने चालवीत आहात, त्यांनी आपल्या हयातीत गावातील मुलांना अक्षरांइतकाच तालमीचाही नाद लावला, असे चालकांनी निमंत्रणपत्रात कळविले होते. त्या एका वाक्याने माझा विषय ठरला. वेदना ही वस्तु काय आहे, आणि मनाने बाळगलेली अपेक्षा व शरीराने केलेला व्यायाम या दोहोंचा तिच्यावर कोणता अंमल चालतो, याविषयी आज मी आपणांशी बोलणार आहे. विषय वैद्यकाचा असला तरी श्रोत्याला तो परका नाही. ज्याच्या घरात कोणाची कंबर, कोणाचा गुडघा किंवा कोणाचे डोके दुखत नाही असा भाग्यवान गृहस्थ या मांडवात क्वचितच सापडेल.

वेदनेविषयीची आपली सर्वसामान्य समजूत अगदी सरळ आहे. जेवढी इजा तेवढे दुखणे, ठेच लहान तर कळ लहान आणि हाड मोडले तर आक्रोश मोठा, असे आपण मानतो. ही समजूत संसारात पुष्कळ अंशी उपयोगी पडते, परंतु शास्त्राच्या कसोटीला ती पुरती उतरत नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील आन्झिओच्या किनाऱ्यावर व आसपासच्या रणक्षेत्रांत हेन्री बीचर नावाचा अमेरिकन डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करीत होता. छाती, पोट, मस्तक यांवर भयंकर जखमा झालेल्या, कित्येकांची हाडे चुरडलेल्या अशा २१५ सैनिकांना त्याने साधा प्रश्न विचारला की, दुखणे थांबविण्यासाठी औषध हवे आहे काय. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हणून सांगितले. हे सैनिक शुद्धीवर होते आणि सुई टोचताना ते इतरांप्रमाणेच कुरकुरत. पुढे बीचरने शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांशी त्यांची तुलना केली, तेव्हा जखम कितीतरी लहान असूनही औषध मागणाऱ्या नागरिकांचे प्रमाण फार मोठे निघाले. त्याने लावलेला अर्थ असा की, सैनिकाला ती जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटल्याचा परवाना होती, आणि नागरिकाला त्याची शस्त्रक्रिया म्हणजे चाललेल्या संसारावर कोसळलेले संकट होते. जखमेच्या आकाराने जे सांगता आले नाही ते जखमेच्या अर्थाने सांगितले. सैनिकांच्या त्या पाहणीवरचा, १९४६ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निबंध वेदनाशास्त्रात आजही आदराने वाचला जातो.

माकणीत उभे राहून वेदनेविषयी बोलणाऱ्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा उल्लेख न करणे योग्य होणार नाही. गणपती विसर्जन करून निजलेल्या या टापूला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने हादरा दिला आणि किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांतील दगडामातीची घरे माणसांवर बसली. सरकारी दप्तरात मृतांची नोंद आठ हजारांच्या घरात आहे. ती पहाट ज्यांनी पाहिली त्यांना मी एवढेच विचारतो: हातांनी ढिगारा उपसून मुलाला शोधणाऱ्या बापाला स्वतःचे नख केव्हा उखडले, पायात पत्रा केव्हा घुसला, हे त्या क्षणी कळले असेल काय? आणि तोच पाय पुढे महिनोन्महिने, जखम भरून गेल्यावरही, रात्रीच्या वेळी ठणकत राहिला असेल, तर त्याला खोटे म्हणण्याचा अधिकार आपणांपैकी कोणाला आहे? इजा असून दुखत नाही आणि इजा भरूनही दुखते, ही दोन्ही टोके या पंचक्रोशीने एकाच भूकंपात अनुभवली असतील.

याचा उलगडा शरीररचनेतच आहे. त्वचा, स्नायू, सांधे यांमधून मज्जातंतूंच्या द्वारे जी वार्ता निघते ती वेदना नव्हे. ती केवळ अर्ज होय. निजामी अमदानीतील तहसील कचेरीत एखादा अर्ज गेला म्हणजे कारकून तो तसाच हुजुरांपुढे ठेवीत नसे. मागचे दप्तर काढून पाही, अर्जदार कोण, प्रकरण जुने की नवे, निकड किती, याचा शेरा मारी, आणि त्या शेऱ्यावर निकाल पुष्कळसा अवलंबून असे. मेंदूत तसाच कारभार चालतो. पूर्वीचे अनुभव, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले, डॉक्टरांनी सांगितलेले, आता काय होईल याची आशा किंवा धास्ती, हे सारे त्या अर्जाला जोडले जाते आणि मग जो निवाडा होतो त्याला आपण दुखणे म्हणतो. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धान्ताने तर असे दाखविले की, मेंदूकडून खाली येणारे हुकूम पाठीच्या कण्यातच त्या वार्तेची वाट अरुंद किंवा रुंद करू शकतात. त्या सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, परंतु वेदनेची वाट एकेरी नाही हा त्याचा गाभा टिकून राहिला.

अपेक्षेचा हा अंमल केवळ मनाची समजूत घालण्यापुरता असेल, अशी शंका साहजिक आहे. तिचे निरसन १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन व फील्ड्स या तिघांनी केले. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना त्यांनी औषध म्हणून निर्गुण द्रव टोचला; कित्येकांना त्याने आराम पडला. नंतर नॅलोक्सोन नावाचे, अफूच्या जातीच्या द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिले, तेव्हा ज्यांना आराम पडला होता त्यांचे दुखणे पुन्हा वाढले. याचा अर्थ असा की, आराम पडेल या विश्वासाने शरीर स्वतःच अफूसारखे द्रव्य निर्माण करीत होते आणि ते रोखताच विश्वासाचे फळही थांबले. श्रद्धेला रसायन असते हे त्या प्रयोगाने प्रथमच इतक्या स्पष्टपणे पुढे आणले.

याहून मार्मिक प्रयोग २०११ साली उलरिके बिंगेल या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी केला. निरोगी माणसांच्या पायाला उष्णतेने वेदना देऊन त्यांना शिरेतून रेमिफेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक सुरू करण्यात आले. प्रथम त्यांना त्याची कल्पनाच दिली नाही, तेव्हा औषधाने आपले काम केले. मग औषध आता सुरू होत आहे असे सांगितले, तेव्हा त्याच मात्रेचा गुण जवळजवळ दुप्पट झाला. शेवटी औषध थांबविले आहे, दुखणे वाढण्याचा संभव आहे, असे खोटेच सांगितले. औषध शिरेतून पूर्ववत चालू असतानाही त्याचा गुण जवळपास नाहीसा झाला. बाटली तीच, मात्रा तीच, माणूस तोच, आणि बोललेले एक वाक्य मात्र निराळे! वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा प्रयोग पहिल्या वर्षीच शिकविला पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आपल्या खेड्यांत या शक्तीची ओळख पूर्वीपासून आहे, पण ती वापरली गेली भलत्याच रीतीने. दवाखान्यात गेलेला माणूस गोळीवर समाधान मानीत नाही. "डॉक्टरसाहेब, एक सुई मारा," असे म्हणतो आणि अशक्तपणा असेल तर सलाईन लावण्याचा हट्ट धरतो. सुईवरच्या या भरवशाला आधार अगदीच नाही असे नव्हे. अर्धशिशीवरील अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला असता निर्गुण गोळीने सुमारे २६ टक्के रुग्णांना आराम पडला होता, तर निर्गुण सुईने सुमारे ३२ टक्क्यांना. परंतु ज्या विश्वासाच्या बळावर डॉक्टराने रुग्णाला चालते करावयाचे, तोच विश्वास दर आठवड्याच्या सुईवर खर्ची घालून माणसाला कायमचा परावलंबी करणे, हा रुग्णाच्या भरवशाचा आणि त्याच्या खिशाचाही अपव्यय आहे.

सुईपेक्षाही अधिक नुकसान मात्र काही शब्दांनी केले आहे. पन्नाशीची एखादी बाई कमरेच्या दुखण्याने तालुक्याला जाते, फोटो काढते, आणि तपासणारा माणूस फोटो उजेडासमोर धरून म्हणतो, "मणक्यात गॅप आलाय, गादी सरकलीय, आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही." त्या दिवसापासून ती बाई पाण्याची घागर उचलताना श्वास रोखते, खाली पडलेली भाकरी उचलण्यासाठी नातवाला हाक मारते, पाठ ताठ धरून चालते, त्या ताठरपणाने स्नायू आंबतात, आंबलेले स्नायू अधिक दुखतात, आणि प्रत्येक कळ ही मणका आणखी सरकल्याची खूण आहे असे तिला वाटू लागते. शेजारीण विचारते तेव्हा ती कमरेवर हात ठेवून "गॅप आहे" एवढेच सांगते, जणू तो तिच्या नशिबावर मारलेला शेरा आहे. आता वस्तुस्थिती काय आहे ती ऐका. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा सुमारे तीन हजार माणसांच्या चित्रणांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील विशीच्या माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीच्या माणसांपैकी ९६ टक्क्यांच्या मणक्यांतील गाद्यांची झीज झालेली आढळली. डोक्यावरचे केस पांढरे व्हावेत तितक्याच स्वाभाविकपणे ही झीज होते. तिला रोगाचे नाव देऊन माणसाला जन्मभराची धास्ती लावणे, हे मी वैद्यकीय अपराधात गणतो.

धास्तीच्या शब्दाची किंमत किती होऊ शकते ते शेजारच्या बीड जिल्ह्याने पाहिले आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या ओटीपोटाच्या व कमरेच्या दुखण्यावर गर्भाशय काढणे हाच उपाय सांगितला गेला, कित्येकींना पिशवी ठेवली तर कर्करोग होईल अशी भीती घातली गेली, आणि २०१९ साली सरकारी पाहणी झाली तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे आढळले. या संख्येमागे दारिद्र्य आहे, मुकादमाची उचल आहे, खाडा पडला तर होणारा दंड आहे, पैशाचा लोभही आहे. त्या सर्वांच्या जोडीला एक भयाचे वाक्यही आहे, हे विसरून चालणार नाही.

आता व्यायामाकडे वळू. शरीर जोमाने हलविले असता काही काळ वेदना बोथट होते, हे पहिलवानाला सांगावे लागत नाही. पण शास्त्राला ते मोजून पाहावे लागते. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी माणसांनी सहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, अर्धा अर्धा तास सायकल मारण्याचा व्यायाम केला. त्यानंतर असे दिसले की, दुखणे जेथे सुरू होते ती पातळी होती तेथेच राहिली, पण दुखणे सोसण्याची ताकद वाढली. व्यायाम न करणाऱ्यांत असा फरक पडला नाही. ही सूक्ष्म गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. व्यायामाने त्वचा बधिर होत नाही, काटा टोचला की कळतोच, पण त्या काट्याची मनावरची हुकमत कमी होते. दमछाक होऊनही आपण मोडत नाही, याची प्रचीती शरीराला वारंवार आल्यामुळे हे घडत असावे. नॉर्वेतील ट्रोम्सो येथे १०,७३२ प्रौढांना बर्फासारख्या थंड पाण्यात हात धरून ठेवण्यास सांगून केलेली पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीतही हिंडते फिरते असणाऱ्यांची सोशिकता बैठे जीवन जगणाऱ्यांहून अधिक निघाली.

परंतु आजच्या व्याख्यानाचा मर्मबिंदू यापुढेच आहे. व्यायामाचा गुण हा निव्वळ स्नायूंचा गुण असेल, तर मनात काहीही असले तरी तो सारखाच यावयास हवा. डेन्मार्कमधील हेन्रिक व्हेग्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ही रुजुवात घेतली. ८३ निरोगी माणसांना भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून, तीन मिनिटे अधांतरी बसविले. आपणांपैकी कोणी करून पाहिले तर मिनिटभरातच मांड्या थरथरू लागतात. बसण्यापूर्वी एका गटाला सांगितले की, या व्यायामाने दुखणे कमी होते; दुसऱ्याला सांगितले की, याने दुखणे वाढते; तिसऱ्याला दोन्हींपैकी काहीच सांगितले नाही. मग मांडीवर दाब देऊन दुखणे कोठे सुरू होते ते मोजले. ज्यांना चांगले सांगितले होते त्यांची मांडी व्यायामानंतर लक्षणीय प्रमाणात अधिक दाब सोसू लागली, आणि ज्यांना वाईट सांगितले होते त्यांची मांडी उलट अधिक हळवी झाली. बैठक एकच, पण एका वाक्याने तिचे औषध झाले आणि दुसऱ्या वाक्याने तीच दुखापतीसारखी वागली.

अपेक्षा आणि हालचाल यांची ही जोड आपणही दरवर्षी पाहतो. आश्विनात पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरकडून आणि कर्नाटकाच्या सीमेपलीकडून हजारो माणसे तुळजापूरच्या वाटेला लागतात. पुष्कळ जण अनवाणी असतात. डांबरी रस्त्याने त्यांच्या पायांना फोड येतात, टाचा फुटतात, आणि तरीही संबळ वाजू लागला की तेच पाय नाचतात. भक्तीचा हिशोब मी रसायनात मांडू इच्छीत नाही. तो माझा प्रांत नव्हे. पण अपेक्षा आणि चालणे ही दोन बळे एकाच देहात एकत्र आली म्हणजे माणूस किती सोसू शकतो, याचे याहून मोठे प्रात्यक्षिक मला ठाऊक नाही. तोच माणूस आठवड्याने घरी बसला असता गुडघ्याच्या कळेने बेजार होतो, तेव्हा त्याने वाटेवर दाखविलेले बळ ढोंग नव्हते, आणि घरी भोगलेली कळही ढोंग नाही.

येथे एका गैरसमजाचा बंदोबस्त केला पाहिजे, कारण तो गरिबाच्या मुळावर येणारा आहे. आम्ही दिवसभर राबतो, मग आम्हांला व्यायाम कशाला, असे शेतमजूर विचारतो. आणि सुखवस्तु मनुष्य त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो की, कष्टकऱ्याला दुखणे कसले, त्याचा तर रोजच व्यायाम होतो. दोघेही चुकतात. व्यायामात वेग आपल्या हाती असतो, थांबणे आपल्या हाती असते, आणि आपण यातून सुधारणार ही भावना सोबत असते. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या हाती यांतले काहीच नसते. थांबली तर खेप बुडते. हृदयविकाराच्या बाबतीत तर डेन्मार्कमधील अभ्यासकांनी असे दाखविले आहे की, फुरसतीतील हालचाल ज्या रीतीने आयुष्याला हितकर ठरते त्या रीतीने पोटासाठी केलेले जड श्रम ठरत नाहीत, उलट अपायकारक ठरू शकतात. तेव्हा राबणाऱ्या बाईला पहिले औषध विश्रांतीचे व हलक्या ओझ्याचे द्यावयास हवे; व्यायामाचा उपदेश त्यानंतर.

आणि दुसरा गैरसमज याहून क्रूर आहे. अपेक्षेने वेदना बदलते हे ऐकल्याबरोबर काही लोक म्हणू लागतात, "म्हणजे सगळं मनाचंच आहे." घरातील सुनेच्या पाठदुखीला, म्हाताऱ्या आईच्या सांधेदुखीला, चिकुनगुनियानंतर वर्षभर ठणकणाऱ्या बोटांना ही मखलाशी लावून मोकळे होण्याची वाईट चाल आपल्याकडे आहे. अपेक्षेविषयी मी आता सांगितलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष नेमका याच्या विरुद्ध आहे. मनात आलेली अपेक्षा रक्तात आणि मज्जारज्जूत उतरते, म्हणूनच तिने वाढविलेली वेदना ही मोडलेल्या हाडाच्या वेदनेइतकीच खरी असते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना स्पष्ट नमूद केले की, माणूस मला दुखते म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. आधी कैफियत पुरती ऐकून घ्यावी, मग उपचाराची तजवीज करावी, हाच न्याय्य क्रम आहे.

उपचाराच्या वाटेविषयी थोडके सांगतो. ज्यांचे दुखणे जुने झाले आहे त्यांना व्यायामाने आरंभी अधिक दुखण्याचा संभव असतो, आणि ही गोष्ट त्यांना अगोदर सांगितली नाही तर ते दुसऱ्याच दिवशी सोडून देतात. आपल्या आयुर्वेदाने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असा दंडक घातला आहे. जुन्या दुखण्यात त्याहूनही कमी शक्तीने सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडेथोडे वाढवावे. चालणे, हळू गतीने घातलेले नमस्कार, भिंतीचा आधार घेऊन उठबस, यांपैकी जे जमेल आणि आवडेल ते. मात्र पायातली शक्ती जाऊ लागली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप किंवा वजनातील घट दुखण्याबरोबर आली, किंवा छातीत दाटून कळ आली, तर व्यायाम, विश्वास सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

माकणीकरांना माझी विनंती दोन गोष्टींची आहे. गावातील आणि तालुक्यातील ज्या डॉक्टरांपर्यंत हे भाषण पोहोचेल त्यांनी फोटो पाहून झाल्यावर "गॅप" हा शब्द उच्चारण्याआधी, ही झीज वयाची आहे, कंबर मजबूत आहे, हळूहळू हालचाल वाढवा, एवढी तीन वाक्ये रुग्णाला बोलून दाखवावीत. त्यांना खर्च नाही. आणि ग्रामपंचायतीने शाळेचे पटांगण दररोज सायंकाळी तासभर स्त्रियांसाठी व वृद्धांसाठी राखून ठेवावे, दिव्याची सोय करावी, आणि त्या तासात बायका घराबाहेर पडल्या तर घरातील पुरुषांनी चूल पेटवावी.